पहारेकऱ्याची कॉलर

१

सोमवारी आमचं म्युझियम बंद असतं. म्हणजे लोकांना बंद असतं. मला त्या दिवशी दुप्पट काम. आठवडाभर लोक काचांना नाकं लावून जातात, त्यांची पोरं तोफांवर चढतात, आणि एखादा शहाणा तोफेच्या तोंडात बिस्किटाचा कागद कोंबून जातो. तो कागद काढायला अर्धं अंग तोफेत घालावं लागतं. ते माझं काम.

किनाऱ्यावर सैन्याची अशी म्युझियमं बरीच आहेत. एकात नांगर आणि होड्या आहेत. एकात नुसती मेडलं. एकात जुन्या लष्करी दवाखान्यातल्या सुऱ्या आणि करवती आहेत, त्या बघून धडधाकट माणूस आजारी पडेल. आमचं म्हणजे समुद्राकडे तोंड करून बसलेला तोफांचा मोर्चा. जाड दगडी खोल्या एकापुढे एक, मधून अरुंद बोळ, आणि बोळाच्या शेवटी टेहळणीची खोली. तिथे हातभर उंचीची पण भिंतभर लांब अशी आडवी खिडकी आहे. त्या खिडकीतून समुद्राशिवाय दुसरं काही दिसत नाही. खिडकीसमोर आमचा पहारेकरी उभा असतो.

पहारेकरी म्हणजे पुतळा. अंग प्लास्टरचं, कपडे खरे. हा मूळचा आमचा नाही. घाटावरच्या एका म्युझियमचं छप्पर गळायला लागलं तेव्हा तिथलं सामान वाटून दिलं, त्यात हा आमच्या वाट्याला आला. तिथे तो बिनखिडकीच्या दालनात, भिंतीकडे तोंड करून उभा असायचा म्हणे. त्याला खिडकीसमोर उभं करायची कल्पना माझ्या भावाची. भाऊ माझ्यापेक्षा लहान, सैन्यात होता, गुडघा गेला म्हणून घरी आला, आणि आता इथे लोकांना फिरवून माहिती सांगतो. बोलायला आधीपासून वस्ताद. लहानपणी मला गोष्टीत गुंतवून माझ्या वाटणीचा खाऊ खायचा.

पुतळ्याचा कोट फार जुना. तो धुवायचा नाही, मऊ ब्रशनं झटकायचा, असा मॅडमचा हुकूम. मॅडम म्हणजे आमच्या म्युझियमच्या मुख्य. प्लास्टरची मान कॉलरला घासून कापड विरायला लागलं होतं, म्हणून मी आतल्या बाजूनं एक पांढरी सुती पट्टी टाचून घेतली. ती पट्टी नवी आणि माझ्या हातची, म्हणून ती धुवायची मला परवानगी. महिन्याकाठी काढते, धुते, परत टाचते. तिच्यावर असते ती धूळ. करडी, कोरडी, झटकली की उडणारी.

त्या सोमवारी मी पट्टी काढली आणि तिच्यावर रेघ होती.

मी चौथी शिकले, पुढे घरचं बघायला कुणी नव्हतं. पण कपडे मी जन्मभर धुतलेत. बापाचे, भावाचे, नवऱ्याचे. मानेची रेघ कशी असते ते मला कुणी शिकवायला नको. पिवळट तपकिरी, तेलकट, मागच्या बाजूला दाट आणि कानांकडे विरत गेलेली. ती धुळीनं पडत नाही. ती जिवंत माणसाच्या मानेनं पडते.

पट्टी मी नाकाला लावली. घाम होता. ताजा.

२

पहिला संशय पोपटावर. तिकीट खिडकीवरचा माणूस, अखंड बोलतो म्हणून आम्ही त्याला पोपट म्हणतो. त्याला फोटो काढून घ्यायचा भारी सोस. मी सरळ जाऊन विचारलं, की पुतळ्याचा कोट घालून मिरवतोस का? त्यानं आपल्या पोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला की त्या कोटाच्या एका बाहीत त्याचा एक हात गेला तरी तो मला जेवण घालील. ते खरंच होतं. त्या काळची माणसं काडीसारखी असावीत.

मी पट्टी धुतली. पाणी चहासारखं झालं. परत टाचली आणि पुढच्या सोमवारापर्यंत वाट बघितली.

पुढच्या सोमवारी रेघ होती.

या वेळी मी सगळा पुतळाच तपासला. बूट जागच्या जागी, टाचेखाली धूळ तशीच. हातमोजे तसेच. मग पँट झटकताना डाव्या गुडघ्यावर हात थांबला. तिथे कापड जरा चकचकीत झालं होतं, तेल मुरल्यासारखं. मी वाकून वास घेतला आणि उठून दोन पावलं मागे झाले.

मलमाचा वास होता. कापूर आणि त्यात काहीतरी तिखट. हा वास मी झोपेतही ओळखीन. माझा भाऊ सकाळ-संध्याकाळ हेच मलम डाव्या गुडघ्याला चोळतो, त्यापायी त्याच्या शेजारी कुणी बसत नाही.

म्हणजे चोर घरातलाच निघाला. मला हसू आलं आणि रागही आला. पन्नाशीला टेकलेला माणूस, सैन्याची हौस फिटली नाही म्हणून पुतळ्याचे कपडे चढवतो? मॅडमच्या कानावर गेलं तर नोकरी जाईल. ठरवलं, की घरी गेल्यावर त्याला चांगला सोलायचा.

पण घरी धुणं पडलं होतं. भाऊ-भावजय आमच्या शेजारीच राहतात, आणि भावजयीच्या हातांना साबणाची खाज सुटते म्हणून दोन्ही घरांचं धुणं माझ्याकडे. मी भावाचे शर्ट काढले. कॉलरी घासायला साबण हातात घेतला.

घासायला काही नव्हतं. आठवड्याचे सगळे शर्ट उलटून बघितले. एकाच्याही कॉलरला रेघ नाही. काखेत डाग नाही. पँट नाकाला लावली, तर मलमाचा वास नाही. शर्ट मळले होते, पण वरवर. धुळीनं. करड्या, कोरड्या, झटकली की उडणाऱ्या.

साबण मी खाली ठेवला.

३

माझं डोकं असं आहे, की एक गोष्ट समजली नाही तर मला जेवण जात नाही. भीती वगैरे नंतर. आधी समजलं पाहिजे.

आधी सरळ विचार केला. भाऊ आजारी असेल, घाम येत नसेल. होतं असं काही लोकांना. आणि पुतळ्याचं म्हणाल, तर खारी हवा आहे, प्लास्टर ओल धरतं, त्यातून काहीतरी पाझरत असेल. मलमाचं काय? भाऊ रोज पुतळ्याशेजारी उभा राहतो, हात पुसला असेल त्याच्या गुडघ्याला. झालं. तिन्ही गोष्टींना तीन कारणं मिळाली. पण एका भिंतीला तीन टेकू लागले, की समजावं भिंत कच्ची आहे.

म्हणून मी सुई घेतली. सोमवारी पट्टी टाचून झाल्यावर कोटाची सगळी बटणं लावली आणि आतून गळ्यापासून खालपर्यंत बारीक टाक्यांनी कोट शिवून टाकला. टाका माझा, गाठ माझी. ती गाठ माझी आई घालायची, तिच्याकडून मी घेतली, आणि माझ्या भावाला तर सुईत दोरा ओवता येत नाही. आता कोण कोट काढतो बघू.

त्या आठवड्यात मी भावाचा खेळही नीट बघितला. एरवी मला वेळ कुठे असतो.

हा खेळ त्यानं स्वतः बसवला होता. दुपारी लोक टेहळणीच्या खोलीत जमले, की तो लंगडत, पण छाती काढून, पुतळ्यासमोर येऊन उभा राहायचा. पहारा कसा बदलायचा ते दाखवायचा. खऱ्या सैन्यातले खरे शब्द, असं लोकांना बजावून सांगायचा. पुतळा बोलणार कसा, म्हणून पुतळ्याचं बोलणंही हाच आवाज घोगरा करून बोलायचा.

घोगऱ्या आवाजात: "समोर काही नाही. ताबा द्यायला हजर."

मग स्वतःच्या आवाजात: "पाहिलं. ताबा घेतला."

मग पुतळ्याच्या शेजारी खिडकीकडे तोंड करून उभा राहायचा आणि पहारेकऱ्यांच्या चार गोष्टी सांगायचा. थंडीच्या, भुकेच्या, डुलकी लागल्याच्या. लोक हसायचे. शेवटी सगळं उलटं. भाऊ म्हणायचा, समोर काही नाही, ताबा द्यायला हजर. पुतळ्याच्या आवाजात ताबा घ्यायचा. सलाम. टाळ्या.

त्या आठवड्यात मी दारात झाडू घेऊन उभी राहिले आणि बघितलं. पहिला भाग झाला. गोष्टी झाल्या. लोक हसले. मग भाऊ खिडकीकडे बघत उभा राहिला. लोकांना वाटलं खेळातलंच आहे. मग त्यानं सलाम केला आणि "चला मंडळी" म्हणून लोकांना बाहेर काढलं.

शेवटचे शब्द तो बोललाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्याही.

लोक टाळ्या वाजवतच होते. लोकांना काय, खुणावलं की वाजवतात.

सोमवारी मी कोटाचे टाके बघितले. एक टाका हलला नव्हता. माझी गाठ जशीच्या तशी. मी कात्रीनं टाके उसवले, कॉलर उलटली. पट्टीवर रेघ होती, आणि मागच्यापेक्षा जास्त दाट होती.

४

भावजय तशी हसरी बाई. नवऱ्याची थट्टा करण्यात तिचा हात धरणारा कुणी नाही. त्या दिवशी मी तिला विचारलं, की ह्याची तब्येत बरी आहे ना? तेव्हा ती हसली नाही. भांडी पुसत होती ती पुसतच राहिली.

मग हळूहळू बोलली. जेवतात नीट, म्हणाली. झोपतात नीट. पण सकाळी उशीला डोक्याचा खळगा नसतो. आधी वाटलं, उठल्यावर तेच उशी झटकत असतील. मग एक दिवस तिनं बसून बघितलं. ते निजलेत आणि उशी फुगलेलीच. खाट करकरत नाही. ते खुर्चीत बसतात ती खुर्ची जुनी, कुणीही टेकलं की बोंबलते, आता तीही गप्प. परवा तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तर खांदा होता, ऊब नव्हती. गारही नव्हता. काहीच नव्हतं.

"ताई," ती म्हणाली, "माणूस घरात आहे, पण घराला लागत नाही. तुम्ही मोठ्या आहात. काहीतरी करा. मला तो पुरता हवाय."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण तिनं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. माझा नवरा गेला तेव्हा मला घरात बसू न देता म्युझियममध्ये कामाला लावणारा हाच भाऊ. मी तिला म्हटलं, रडू नकोस, रडून उशीला खळगा पडत नाही. असं बोलायला नको होतं, पण माझी जीभ अशीच आहे.

रात्रभर विचार नको म्हणून मी लगेच शेजारच्या खोलीत गेले. भाऊ खुर्चीत बसला होता. मी मुद्दाम दाराला टेकून ऐकलं. खुर्ची खरंच गप्प होती.

त्याला म्हटलं, उद्या सकाळी लोक यायच्या आधी टेहळणीच्या खोलीत ये. का, असं त्यानं विचारलं नाही. नुसता म्हणाला, "तिथेच असतो मी, ताई."

५

सकाळी खिडकीतून पांढरा उजेड येत होता. समुद्र शांत, इस्त्री केल्यासारखा. भाऊ पुतळ्याशेजारी उभा होता, आणि दोघांची मान एकाच बाजूला जराशी कललेली होती. आधी पुतळ्याची मान सरळ होती की नव्हती, हे आठवायचा मी फार प्रयत्न केला. आठवलं नाही.

मी पट्टी त्याच्या हातात दिली. एक त्याचा आठवडाभर वापरलेला, न धुतलेला शर्टही आणला होता, तो दाखवला. त्यानं दोन्हीकडे बघितलं. नाकबूल केलं नाही, हसलाही नाही.

"तो माणूस ओकला तो दिवस आठवतो?" त्यानं विचारलं.

मला आठवणार नाही? पुसलं कुणी? खेळ चालू असताना एका पाहुण्याला भोवळ आली, तो माझ्या घासून ठेवलेल्या फरशीवर भडभडा ओकला आणि आडवा झाला. भावानं त्याला उचलून बाहेर नेलं. धावपळ झाली, गाडी आली, बंद व्हायची घंटा झाली, सगळे घरी गेले.

"खेळ अर्धा राहिला," भाऊ म्हणाला. "मी ताबा घेतला होता, ताई. परत दिला नाही. तसाच घरी गेलो."

मी म्हटलं, अरे मग दुसऱ्या दिवशी द्यायचास. त्यात काय एवढं? खेळच तर आहे.

त्यानं सांगितलं की दुसऱ्या दिवशी द्यायलाच गेला होता. शब्द तोंडाशी आले. समोर काही नाही, असं म्हणायचं होतं. सवयीनं आधी समोर बघितलं. आणि म्हणता येईना.

मी खिडकीतून बघितलं. पाणी. त्यावर आभाळ. मधे रेघ, सरळ. लांब एक मासेमारीची होडी, आणि ती तर रोजच असते. मी त्याला विचारलं, काय दिसतं तुला? तो म्हणाला, ते सांगून दिसत नाही. मी म्हटलं, मग खोटं बोल. समोर काही नाही म्हण, ह्या प्लास्टरच्या गळ्यात ताबा टाक आणि घरी चल. बायको उशी कवटाळून बसलीय तुझी.

तेव्हा त्यानं पहिल्यांदा खिडकीवरची नजर काढली आणि माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे लाल होते, खाऱ्या वाऱ्यात दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसाचे असतात तसे. ह्या खोलीत वारा येत नाही. खिडकीला काच आहे.

"तेच तर मी रोज करत होतो," तो म्हणाला. "त्याच्या तोंडून मीच बोलायचो. समोर काही नाही. त्याला कधी विचारलं मी? तो बिचारा कुठल्या तरी भिंतीकडे तोंड करून उभा होता, त्याला मी इथे आणलं, आणि तो बघत असताना त्याच्या वतीनं खोटं सांगितलं. दर दुपारी. टाळ्या घेतल्या."

मी झाडू उचलला आणि झाडलेलीच फरशी परत झाडली.

६

पण समजायला लागलं, की मला बरं वाटतं. कितीही वेडंवाकडं असो, दोऱ्याचं टोक हाताला लागलं पाहिजे. मी झाडू भिंतीला टेकवला आणि विचारलं, ताबा जिवंत माणसाला देता येतो ना?

तो नको म्हणाला. तू शिपाई नाहीस, म्हणाला. मी म्हटलं, तुझा हा पुतळा कुठल्या पलटणीत होता? मी रोज इथे उभी असते. पुतळा नुसता उभा असतो, मी निदान झाडते. तो परत नको म्हणाला. मग मी मोठी बहीण काय असते ते दाखवलं. त्याला दंडाला धरून वळवला. दंड हातात आला, पण वजन आलं नाही. रिकामा शर्ट दोरीवरून ओढावा तसं वाटलं, आणि मला त्या क्षणी खरी भीती वाटली. अजून थोडे दिवस गेले असते, तर मी शर्टच ओढला असता.

"खरं सांग आणि दे," मी म्हटलं. "खोटं सांगायचं नाही."

तो ताठ उभा राहिला. समुद्राकडे बघितलं. त्याचा आवाज अगदी साधा निघाला.

"समोर आहे. ताबा द्यायला हजर."

मी परत बघितलं. पाणी, रेघ, होडी. पाहिलं, असं मी म्हणणार कशी? न पाहिलेलं पाहिलं म्हणायची मला सवय नाही.

"मला दिसत नाही," मी म्हटलं. "तरी ताबा घेतला."

आधी आवाज आला. भावाचे बूट फरशीवर करकरले. मग त्याचा गुडघा दुमडला आणि तो पोतं टाकावं तसा खाली बसला, आणि कळवळला. कपाळावर घाम फुटला. घाम हनुवटीवरून टपटप फरशीवर पडला. इतक्या दिवसांचा राहिलेला घाम एकदम आल्यासारखा. खोलीभर मलमाचा वास पसरला. मी त्याला उठवायला वाकले. केवढा जड झाला होता, मेला. मला हसू यायला लागलं.

हसत हसतच मी सरळ झाले आणि माझी नजर खिडकीकडे गेली.

रेघ सरळ नव्हती.

पाणी आणि आभाळ जिथे मिळतात, तिथे डाव्या हाताला रेघ जराशी वर उचललेली होती. लाट नव्हती. लाट हलते, मोडते. डोंगर नव्हता, बेट नव्हतं, कारण रंग पाण्याचाच होता. पाणीच वर आलं होतं, खाली काहीतरी असल्यासारखं. तुम्ही घरात कुणाला चादर डोक्यावरून घेऊन निजलेलं बघितलं असेल. खांद्यावर चादर कशी उंच होते आणि कमरेकडे उतरते. तसं. पण ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

होडी त्याच्या उतारावर होती. ह्या अंतरावरून तांदळाच्या दाण्याएवढी दिसत होती. ती घसरत नव्हती.

मला वाटलं, फार वेळ बघू नये. आणि मी बघत राहिले, कारण मला बघायचं होतं. नाक कुठे आहे, पाय कुठे आहेत, हे शोधत राहिले. आणि तेवढ्यात ते, निजलेला माणूस चाहूल लागल्यावर जसा कुशीवर वळतो, तसं वळलं.

ते आमच्या बाजूला वळलं.

७

पुढच्या धुण्यात भावाच्या शर्टांनी बादली काळी केली. भावजय दारात उभी राहून म्हणाली, "शी, किती मळवतात हे." मी ती कॉलर हातात धरून साबण न लावताच बसून राहिले. अशी सुंदर रेघ मी जन्मात बघितली नव्हती. खाट करकरते म्हणून आता ती सुतार शोधतेय. मी तिला म्हटलं, खबरदार सुतार आणलास तर.

भाऊ आता पहाऱ्याचा खेळ करत नाही. अंगणातल्या मोठ्या तोफेजवळ लोकांना उभं करून गोष्टी सांगतो, टेहळणीची खोली लांबूनच दाखवतो. मला रोज विचारतो, की ताई, परत घेऊ का? मी म्हणते, तू आपलं तोंड कामाला लाव, लोकांना गोष्टी सांग.

म्युझियमचा निळा शर्ट आम्हा सगळ्यांना असतो. माझाही मी रविवारी धुते. पाणी स्वच्छ राहतं. पुतळ्याच्या पट्टीत गेल्या सोमवारी एक लांब केस सापडला. टोकाला काळा, मुळाशी पांढरा. मी केस रंगवायचा कंटाळा करते, हे पोपटानं सगळ्या गावाला सांगितलंय, त्यामुळे तो कुणाचा हे शोधत बसावं लागलं नाही. माझ्या खुर्चीचा आवाज येतो की नाही, ते मी ऐकत नाही. उभ्यानंच चहा पिते.

ताबा कुणाला द्यायचा, हा विचार येतो. समोर काही नाही म्हटलं, की कुणीही घेईल. पण मी ते म्हणणार नाही. आणि खरं सांगितलं तर घेणार कोण? म्हणून दिवसातून जमेल तितक्या वेळा मी त्या खोलीत जाते, कमरेवर हात ठेवते आणि बघते. पोरं मस्ती करताना मी ज्या नजरेनं बघते, तीच नजर. मी बघत असताना ते हलत नाही. हे मी नीट तपासलंय. मी जेवून येते तेव्हा मात्र चादर जराशी सरकलेली असते.

हे सगळं माझ्या एकटीपुरतं राहिलं असतं, तर मी लिहायला बसलेच नसते.

परवा मॅडम टेहळणीच्या खोलीत आल्या. नव्या पाट्या कुठे लावायच्या ते बघत होत्या. बघता बघता खिडकीसमोर थांबल्या आणि त्यांनी डोकं एका बाजूला जरासं कलतं केलं. भिंतीवरची तसबीर तिरकी दिसली की आपण करतो, तसं.

"ही चौकट उतरलीय का हो?" त्यांनी मला विचारलं. "डावीकडे वर वाटते. गवंड्याला बोलवून घ्या."

मी गवंड्याला बोलावलं. म्हातारा माणूस आहे, कमी बोलतो, हात पक्का. त्यानं खिडकीच्या खालच्या दगडावर पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध. वरच्या दगडावर धरली. मधोमध. दोन्ही बाजूंना ओळंबा सोडून बघितला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, बाई, चौकट एकदम सरळ आहे, उगाच कशाला बोलावलंत?

मी त्याच्यामागे खिडकीकडे बघत उभी होते.

त्यानं पाणसळ पिशवीत टाकली, जाता जाता एकदा बाहेर नजर टाकली, आणि थांबला. पिशवीतून पाणसळ परत बाहेर काढली. ती डोळ्यांसमोर आडवी धरून, एक डोळा मिटून, त्यानं समुद्राला लावली.

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. म्हणजे तेवढा वेळ मी समोर बघत नव्हते.